आधी वाजवणारे

हेवी मेटलच्या कार्यक्रमात सगळ्यात अवघड जागा कुणाची, असं कुणी विचारलं तर मी पहिल्या बँडकडे बोट दाखवीन. लोक आलेले असतात दुसऱ्यासाठी. तिकिटावर, पोस्टरवर, पोरांच्या काळ्या टी-शर्टवर नाव असतं शेवटी वाजवणाऱ्यांचं. ऊन अजून उतरलेलं नसतं, निम्मी गर्दी फाटकाबाहेर वडापाव खात उभी असते, आणि अशा वेळी चार-पाच जण मंचावर येतात. त्यांची वाट कुणीच बघत नसतं. त्यांना अर्धा तास मिळतो, कधी वीसच मिनिटं. तेवढ्यात परक्याच्या गर्दीला आपलंसं करायचं.

त्यातही त्यांच्या हातात फारसं काही नसतं. मुख्य बँडचा ड्रमसेट मागच्या चौथऱ्यावर काळं कापड पांघरून आधीच बसलेला असतो. त्याच्यापुढे उरलेल्या पट्टीत यांनी दाटीवाटीनं उभं राहायचं. साउंड चेक मुख्य बँडचा आधी होतो आणि तासन् तास चालतो. यांच्या वाट्याला ‘लाइन चेक’ येतो, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज येतोय ना एवढंच बघायचं आणि सुरू करायचं. आवाज मुद्दाम थोडा खाली ठेवलेला असतो, चांगले दिवे नंतरसाठी राखलेले असतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आहेच. कार्यक्रम लांबायला लागला की पहिली कात्री याच लोकांच्या वेळेला लागते.

आवाज दुसऱ्याच्या हातात, उजेड दुसऱ्याच्या हातात, वेळही दुसऱ्याच्या हातात. मग स्वतःचं उरतं काय? चेहरा, केस, अंग, आणि पदरमोड करून आणलेलं सामान. म्हणून पहिला बँड तोंडाला रंग फासतो, साखळ्या गुंडाळतो, धूर सोडतो, लाल पाण्याच्या चुळा उडवतो, गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडतो. जाणकार त्याला ‘अति’ म्हणतात आणि नाक मुरडतात. मला ते अति आवडतं. नुसतं आवडत नाही, मला त्याच्याबद्दल आदर आहे, आणि तो का आहे हेच इथं लिहायचं आहे.

पुण्यात, शहराच्या कडेला असलेल्या एका हॉलमध्ये मी असा एक बँड बघितला. एप्रिल होता, आणि गायक पायघोळ काळा कोट घालून आला होता. तोंडाला भस्म, डोळ्यांभोवती हाताच्या दोन बोटांनी ओढलेलं काजळ घामानं गालांवर उतरलेलं. माइकच्या दांड्याला त्यानं बैल बांधायची साखळी गुंडाळली होती. प्रत्येक हिसक्याला ती माइकवर आपटायची आणि तिचा आवाज गाण्यात मिसळायचा. स्मोक मशीननं इतका धूर सोडला की बेस वाजवणारा पहिल्या गाण्यात कुणाला दिसलाच नाही. समोर असलेली मोजकी पोरं हसली. एकानं मुख्य बँडचं नाव घेऊन आरोळी ठोकली. गायकानं ती ऐकली, मान डोलावली आणि दुसरं गाणं पहिल्यापेक्षा वेगात सुरू केलं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ड्रमर उठून पुढे आला. त्याच्या हातात हलगी होती.

मंचाच्या कडेला कामासाठी लावलेला एक हॅलोजन दिवा होता. गाणं सुरू व्हायच्या आधी ती हलगी त्या दिव्यासमोर पालथी धरून ठेवलेली मी बघितली होती आणि बघताक्षणी ओळखलं होतं की हे पोरगं आमच्या मराठवाड्याकडचं असणार. हॉलमध्ये जाळ करता येत नाही, म्हणून दिव्याची धग. कातडं तापलं की ताणतं आणि आवाज कडक होतो. गार हलगी भदभद वाजते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. जाड टिपरानं ठोका, काडीनं त्या ठोक्यांच्या मधली सगळी जागा भरून काढायची. त्यानं पहिला ठोका मारला आणि दाराशी उभी असलेली, हातात मोबाइल धरलेली पोरं आत वळली. गिटारचा आवाज त्यांना वळवू शकला नव्हता.

हा ठोका मी लहानपणी येरमाळ्याला ऐकलेला. येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा धाराशिव जिल्ह्यात भरते, पण आमच्या केज-अंबाजोगाईकडची गावंच्या गावं तिथं लोटतात. आराध्यांची गाणी, हळदीचा धुरळा, आणि कडेला पालापाचोळ्याचा जाळ करून त्यावर हलग्या शेकणारी माणसं. जाळाची ऊब कातड्याला किती लागली हे ती बोटाच्या टिचकीनं ओळखायची. गर्दी देवीला आलेली असायची, हलगीवाल्यांकडे बघायला कुणी आलेलं नसायचं. पण गर्दी कुठं थांबणार, कुठून पुढं सरकणार, कुणाच्या अंगात वारं येणार, हे तेच ठरवायचे.

तमाशाच्या फडातही मुख्य गोष्ट शेवटी असते. लोक येतात वगासाठी, नाचणाऱ्या बाईसाठी, गाजलेल्या सोंगाड्यासाठी. पण त्याच्या आधी गण, त्यानंतर गौळण आणि बतावणी, आणि गणाच्याही आधी ढोलकी-हलगीची सलामी. कनातीबाहेर गाव पांगलेलं असतं. ते आत यावं म्हणून दोघं वाजवणारे एकमेकांवर चाल करून जातात, ठोक्याला ठोका देतात, घामाघूम होतात. त्या वाजवण्यात संयम शोधायला जाऊ नये. तिथं संयमाचं कामच नाही. ते गाव गोळा करायचं काम आहे, आणि ते करणाऱ्याला हात राखून चालत नाही.

हेवी मेटलचा सगळा इतिहास अशा हात न राखणाऱ्यांनी भरलेला आहे. 31 डिसेंबर 1973 च्या रात्री न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ब्लू ऑयस्टर कल्टचा कार्यक्रम होता. त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांत किस नावाचा एक नवा बँड होता, तोंडं पांढरी-काळी रंगवलेला, उंच टाचांचे बूट घातलेला. त्यांच्या जीन सिमन्सनं तोंडातून जाळ काढायचा खेळ त्या रात्री पहिल्यांदा लोकांसमोर केला आणि त्याच्या केसांनीच पेट घेतला. विझवलं, आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. पुढच्या वर्षभरात मोठे बँड किसला आपल्याआधी वाजवू द्यायला कचरायला लागले, कारण यांच्यानंतर मंचावर जाणं कुणालाच सोपं नव्हतं. 1975 मध्ये ‘अलाइव्ह!’ ही त्यांची थेट कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका आली आणि मग त्यांना कुणाच्या आधी वाजवायची गरज उरली नाही.

याहून नवलाची गोष्ट ग्वार या बँडची. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमध्ये एक बंद पडलेली दूधडेअरी होती. 1980 च्या दशकात तिथं चित्रकार आणि वाजवणारी पोरं खोल्या घेऊन राहत, काम करत. हंटर जॅक्सन नावाचा कलावंत तिथं एका अंतराळपटासाठी राक्षसांचे पोशाख बनवत होता. शेजारी डेव्ह ब्रॉकी आणि त्याचा डेथ पिगी हा पंक बँड सराव करायचा. ब्रॉकीनं ते पोशाख मागून घेतले आणि गंमत म्हणून आपल्याच बँडच्या आधी वाजवायला एक खोटा बँड उभा केला: रानटी राक्षस, परग्रहावरून आलेले, वाजवता न येणारे, नुसते आरडाओरडा करणारे. थोड्याच कार्यक्रमांत त्याच्या लक्षात आलं की लोक त्या खोट्या बँडला बघायला येतात आणि डेथ पिगी मंचावर आला की निघून जातात. 1984 पासून तो खोटा बँडच खरा झाला. रबराची शिंगं, फोमची आयुधं, पहिल्या रांगांवर उडणारं खोटं रक्त. ब्रॉकी 2014 मध्ये गेला, पण ग्वार अजून वाजवतो आहे. आधी वाजवणाऱ्यांनी नंतरच्यांना गिळून टाकल्याचं एवढं धडधडीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अर्थात रंग आणि रबर लागतंच असं नाही. 1978 मध्ये ब्लॅक सब्बाथ दहा वर्षांची वाटचाल करून थकलेला होता, आणि त्यांच्या आधी वाजवत होता नुकताच पहिला अल्बम आलेला व्हॅन हेलन. त्या दौऱ्यात रोज रात्री पोरं म्हाताऱ्यांना झाकून टाकत होती, हे पुढे ऑझी ऑझबर्ननं स्वतःच मान्य केलं. दुसऱ्या वर्षी सब्बाथनं ऑझीला काढून टाकलं. आपल्याकडे 17 मार्च 2007 ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन पहिल्यांदा आला तेव्हा त्यांच्या आधी दिल्लीचा परिक्रमा वाजवून गेला. किरोडीमल कॉलेजात 1991 मध्ये जमलेल्या त्या पोरांच्या बँडमध्ये व्हायोलिन होतं, तबला होता. ते वाजवणं मेडनच्या लोकांना असं आवडलं की त्याच वर्षी जूनमध्ये परिक्रमा इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात वाजवत होता. पहिल्या अर्ध्या तासाचं असं फळ क्वचित मिळतं. बहुतेकांना मिळत नाही.

पण या सगळ्या अतीकडे बघताना मला एक गोष्ट टोचत राहते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या भागात अंगावर सगळ्यात जास्त अति घेऊन फिरणारा माणूस म्हणजे पोतराज. कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घेर, वाढवलेले केस, कपाळभर हळदकुंकू, पायात घुंगरू, हातात आसूड. सोबत बायको, डोक्यावर मरीआईचा गाडा, हातात ढोलकं. गल्लीत कुणी त्याची वाट बघत नसतं. तो आसूड हवेत फिरवतो, त्याचा फटकारा दारादारांतून ऐकू जातो, आणि मग तो उघड्या अंगावर ओढून घेतो. बाया सुपात दाणे घेऊन बाहेर येतात. काळा कोट घातलेल्या त्या गायकानं साखळी आपटली तेव्हा मला हाच फटकारा आठवला. जमवायची पद्धत तीच आहे. पण पोतराजाला ती निवडायला मिळालेली नव्हती. नवसानं मूल देवीला सोडलं, झालं. पार्थ पोळके यांचं ‘आभरान’ हे पोतराजाच्या घरात वाढलेल्या मुलाचं आत्मकथन आहे; आभरान म्हणजे तो चिंध्यांचा पोशाख. ते वाचलेल्या माणसाला आसुडाच्या फटकाऱ्यात नुसती कला दिसू शकत नाही.

हलगीचंही तेच. ती गावकीचं काम होती. लग्न असो, मिरवणूक असो, देवीचा छबिना असो, मातंगवाड्यातून माणूस बोलवायचा. त्यानं सगळ्यांच्या पुढे वाजवत चालायचं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, लांब बसायचं. पुढे चालणं हा मान नव्हता. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर आणि शिक्षण आल्यावर मराठवाड्यात कितीतरी घरांनी हे वाजवणं ठरवून सोडलं, हलग्या खुंटीवरून काढून टाकल्या. त्यांनी ते सोडलं याचा मला हलगीच्या आवाजाइतकाच अभिमान वाटतो. मग ती हलगी पुण्याच्या हॉलमध्ये, काजळ फासलेल्या पोरांच्या मधोमध परत आली तर तिच्याकडे कसं बघायचं?

हे मला त्या ड्रमरकडूनच ऐकायला मिळालं. कार्यक्रमानंतर पुण्याच्या वाकडेवाडी स्टँडवर बीडच्या गाडीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवर गोल जड पिशवी, पायांत स्नेअर ड्रम. पहिल्या बँडच्या ड्रमरला मुख्य बँडच्या सेटवर किंवा भाड्याच्या सेटवर वाजवावं लागतं, पण झांजा, स्नेअर आणि पेडल स्वतःचं आणावं लागतं. त्याला ही मंडळी ‘ब्रेकेबल्स’ म्हणतात. कंडक्टरनं सामानाचं तिकीट घ्यावं लागेल असं सुनावलं, पण पिशवीत काय आहे ते बघून सोडून दिलं. काजळ अजून कानांच्या मागे होतं. बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, आणि ही गोष्ट त्याच्या आधीची. पुण्याहून रात्री निघायचं तर एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स, पहाटे बीड, तिथून पुढे दुसरी गाडी.

“लई अति केलं का आम्ही?” त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, अजिबात नाही, हलगीला तर अजून वेळ द्यायला हवा होता. तो म्हणाला, “दोनच मिनटं कापली त्यांनी. ती नेमकी तिचीच निघाली.”

गाडी नगरच्या पुढे गेल्यावर तो बोलायला लागला. आजा हलगी वाजवायचा, गावात त्याच्या हातासारखा हात नव्हता. बापानं हलगीला हात लावला नाही. ऊसतोडीला गेला, मग गवंडीकाम केलं, पोराला पुण्यात शिकायला ठेवलं. पोरानं ड्रम शिकले ते मोबाइलवर बघून आणि कॉलेजच्या खोलीतल्या उशांवर मारून. मेटलच का, असं मी विचारलं. त्यावर तो टोनी आयोमीबद्दल बोलायला लागला, आणि इतक्या आपलेपणानं की जणू तो शेजारच्या वस्तीवरचा. सब्बाथचा हा गिटारवाला बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तोडली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे तारा सैल केल्या, कारण ताठ तारा दाबताना दुखायचं. सैल तारांनी सूर खाली गेला, आणि हेवी मेटल आणखी जड झालं. “कामगाराचा हात हाय तो,” ड्रमर म्हणाला. ऊस तोडताना कोयत्यानं बोट गेलेली माणसं त्यानं घरातच बघितली होती. त्याला हे संगीत कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

त्या सब्बाथचा शेवटचा कार्यक्रम 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्कवर झाला, चौघं ज्या अ‍ॅस्टन भागात वाढले त्याच भागात. दुपारपासून एकामागून एक बँड वाजवत गेले. सुरुवात मॅस्टोडॉननं केली. मग अँथ्रॅक्स, पँटेरा, टूल, स्लेअर, गन्स अँड रोझेस, मेटॅलिका. यांतल्या काहींच्या तर एकट्याच्या नावावर स्टेडियम भरतं. त्या दिवशी सगळे आधी वाजवणारे होते, आणि थोडक्या गाण्यांत, जीव ओतून वाजवून बाजूला झाले. शेवटी ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायला, त्याला उभं राहवत नव्हतं. सतराव्या दिवशी तो गेला. त्या रात्री ड्रमरचा मला मेसेज आला, त्यात फक्त मॅस्टोडॉनबद्दल लिहिलं होतं: दुपारच्या उजेडात, पोरं अजून जागा शोधत असताना त्यांनी कसं वाजवलं ते.

त्या एसटीत मी त्याला हलगीबद्दल विचारलं होतं. घरी काय म्हणाले? त्यानं आधी उत्तर टाळलं. मांजरसुंब्याला गाडी थांबली, चहा झाला, मग म्हणाला की आईला कौतुक आहे, बापाला सांगितलं तेव्हा बाप रागावला नाही, गप्प बसला. आणि नंतर बापानं दोनच प्रश्न विचारले. “पैसे कोण ठरवतंय? आन् वाजवत न्हाई म्हणलं तर चालतंय का?”

दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे होतं: चालतं. पहिल्याचं नव्हतं. त्या रात्री त्यांना पैसे मिळालेच नव्हते. जेवणाची कूपनं मिळाली होती, आणि मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळतंय हेच खूप, असं सांगण्यात आलं होतं. स्मोक मशीनचं भाडं त्यांनी वर्गणी काढून भरलं होतं. मेटलच्या जगात हे सर्रास चालतं. कुठं कुठं तर पहिल्या बँडलाच आधी वाजवण्यासाठी पैसे भरावे लागतात. मला याची चीड येते. ज्यांच्या वाजवण्यावर गर्दी जमते, तापते, आणि पुढच्यासाठी तयार होते त्यांना सूपभर धान्य किंवा जेवणाचं कूपन देऊन बोळवायचं, ही रीत आमच्या गावांना फार जुनी ओळखीची आहे. हलगीवाल्याच्या नातवाला ती पुण्यात परत भेटावी हे मला सहन होत नाही.

तो बँड अजूनही बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या आधीच वाजवतो. भस्म, कोट, साखळी, सगळं तसंच आहे, धूर तर वाढलाच आहे. हलगीला आता मधली दोन मिनिटं नसतात. ते सुरुवातच तिनं करतात, म्हणजे वेळ कापली तरी ती कापली जात नाही. आणि फोन आला की ड्रमर तारीख विचारायच्या आधी मानधन विचारतो. आकडा ठरला तर झांजा पिशवीत भरतो, नाहीतर येत नाही म्हणून सांगतो.